डेलच्या पावडरीची हार

आधी चहा संपवा, नाहीतर पुढचं ऐकताना नाकातून येईल.

तिकडे परदेशात, प्लेनो शहरात, आमच्या शेजारी डेल राहायचा. रिटायर्ड माणूस, रायफलीची काडतुसं घरीच भरायचा. मलाही त्यानेच नादाला लावलं. रिकाम्या काडतुसात बंदुकीच्या दारूची पावडर मोजून घालायची, वर गोळी बसवायची आणि रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडायची. भोकं जितकी जवळजवळ, तितके तुम्ही शहाणे. माझी कायम पांगलेली! डेल सगळ्यांसमोर म्हणायचा, तू आपलं सॉफ्टवेअरच बघ. फार लागायचं हो.

माझं म्हणणं, दोष त्याच्या लाडक्या जुन्या पावडरीचा. नेटवर वाचून वाचून मी नवी पावडर शोधली आणि जाहीर करून टाकलं, येत्या रविवारी तुलना. अर्धी काडतुसं जुन्या पावडरीची, अर्धी नवीची.

जुन्या काडतुसांनी नेहमीसारखी कागदाची चाळण केली. डेल मिशीत हसला. मग मी नवी काढली आणि काय सांगू, भोकाला भोक चिकटलं! लोकांनी पाठ थोपटली. मी ज्वलनाचा वेग, दाब वगैरेंवर भाषण ठोकलं. डेलने हात मिळवला आणि तिथूनच नवी पावडर आणायला दुकानात गेला.

छाती काढून घरी आलो, बायकोला कागद दाखवला. मेधा म्हणाली, "छानच. मग देवापुढचा डबा उचलू ना आता? झेंडू पार सुकलेत."

कसला डबा म्हणता?

अहो, दोनच दिवसांपूर्वी दसरा होता. जुन्या पावडरीची काडतुसं भरून झाली तेवढ्यात तिने आरतीसाठी हाक मारली. नवा डबा शस्त्रपूजेत ठेवायला मीच घेऊन गेलो. मग श्रीखंड-पुरी. मग तसाच सुस्तावून टेबलाशी बसलो आणि उरलेली काडतुसं भरली. पावडर मोजायच्या यंत्रात होती डेलचीच पावडर! नव्या पावडरीचं माप लावायलाही विसरलो, नाहीतर बंदूकच फुटली असती; म्हणून तर आज तुमच्यासमोर धडधाकट बसलोय.

नव्या डब्यावर हळदकुंकू आणि सील जसंच्या तसं.

पुढच्या रविवारी नव्या पावडरीने डेलची भोकं पांगली. बिचाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "तू ही पावडर वापरतोस तरी कशी?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "डबा न उघडता."

सगळी रेंज खो खो हसली. डेलने तर टाळी दिली आणि म्हणाला, बरं, आता खरं सांग.