लांडग्याला ओ द्यायची नाय

बायांनो, दुपारी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता नात समोर बसून भात खातेय, म्हणून लिहितेय.

चार वर्षांच्या जुईला सकाळी तीन डुकरांची गोष्ट सांगितली आणि खेळही मांडला. पहिलं घर पेंढ्याचं, दुसरं काटक्यांचं. विटा कुठून आणू? तिसरं मासळीच्या जुन्या जाळ्याचं केलं. लांडगा मी. फुंकून दोन पाडली. जाळ्यातून वारा आरपार जातो, ते काही पडेना. जुई आत खदाखदा हसत बसली. मग मीच शिकवलं, "लांडगा खाऊ देतो म्हणाला तरी ओ द्यायची नाय."

दुपारी सून बोईसरहून कामावरून आली. "आई, जुई कुठं हाय?"

घरात नाय, अंगणात नाय. मागे खाडी. आमी दोघी ओरडतोय, "जुई, ये गो, खाऊ देते!" कुठूनच आवाज नाही. सून रडायला लागली.

"रडतेस काय? शोध!" मी खेकसले.

मग एकदम आठवलं, मी तिला काय शिकवलंय ते. होडीशेजारी जाळ्यांचा ढीग होता. तिथं जाऊन जोरात फुंकलं.

आतून हसू फुटलं. "आजी, पडलं नाय माझं घर!"

सुनेनं तिला उचललं आणि मला म्हणाली, "आई, उद्यापासून लांडगा मी."

खेळ चांगलाच आहे, करा. फक्त तो संपला हे पोरीला सांगायला मी विसरले. तुमी कसं सांगता?