उत्तरेकडून मोजलेला कोन

चाचणी परीक्षेचे पेपर मी प्रश्नवार तपासते. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. हात सारखा राहतो आणि चूक नेमकी कुठे आहे ते चटकन दिसतं. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात गणित शिकवण्याचं माझं दुसरं वर्ष होतं आणि मी अजून कायम झाले नव्हते.

इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, पेपरात चौथ्या प्रश्नात मी पाच बिंदू दिले होते. मूळबिंदूपासूनचं अंतर आणि कोन दिलेला, त्यावरून आडवं आणि उभं माप काढायचं. जयगडच्या एका विद्यार्थ्याची पाचही उत्तरं चुकली होती. मॅट्रिकनंतर चार वर्षं वडिलांच्या गलबतावर सुकाणू धरून तो कॉलेजात आला होता. माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. या प्रश्नाला शून्य म्हणजे चाचणीत नापास, आणि नापास झालेल्याचा वार्षिक परीक्षेचा फॉर्म कॉलेज विद्यापीठाकडे पाठवत नसे. फॉर्म गेला नाही तर परत गलबतावर यायचं, हे वडिलांनी त्याला आधीच बजावलं होतं.

मी दोन रकाने आखले. माझी उत्तरं डावीकडे, त्याची उजवीकडे. माझं ८.६६ आणि ५, तर त्याचं ५ आणि ८.६६. पाचही ठिकाणी तीच अदलाबदल. पाच वेळा सारखीच होते ती चूक नसते, रीत असते. मी त्याला बोलावलं.

"कोन कुठून मोजलास?"

"उत्तरेपासून, बाई. वरून उजवीकडे. होकायंत्रावर तसाच वाचतात."

"पुस्तकात आडव्या रेषेपासून आहे."

"पुस्तकात आहे, बाई. पण पेपरात अंतर नि कोन बघितला, आणि हात आपोआप तिकडेच गेला."

मी प्रश्नपत्रिका काढून पाहिली. कोन कुठून मोजायचा हे मी लिहिलेलंच नव्हतं. पेपर माझा, चूक माझी. त्याला पूर्ण गुण दिले आणि उरलेल्या बेचाळीस पेपरांतला चौथा प्रश्न याच नियमाने पुन्हा तपासला. आणखी कुणाचे गुण बदलले नाहीत.

विभागप्रमुखांनी गुणपत्रक आणि सोबतचे दोन रकाने पाहून चष्मा काढला.

"अहो बाई, उद्या कोणी होडी वल्हवत येईल नि म्हणेल, आमच्यात दोन आणि दोन पाच. त्यालाही देणार गुण?"

"त्याची रीत पाचही गणितांत टिकली तर तपासून बघेन."

"शून्य करा. कॉलेजचं हसं होईल."

"हसं व्हायचं तर माझं होईल. प्रश्न मी काढलाय."

"तुमचा कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. हाही त्याच्यावरच ठेवा."

असं म्हणून मी लेखी निवेदन पुढे केलं. प्रश्न अपुरा होता, तो मी काढला होता, गुण मी दिले आहेत आणि ते बदलणार नाही. खाली सही. एक प्रत, रकान्यांसह, प्राचार्यांकडे त्याआधीच दिली होती. अशा कामात आधी प्रत आणि मग वाद, हा क्रम मी चुकवत नाही. प्राचार्यांनी दोन्ही रकाने बोट ठेवून वाचले आणि फॉर्म पाठवायला सांगितलं.

मला कायम करणारा कागद वर्षभर उशिरा निघाला. "माफीचे दोन शब्द लिहून टाका, लवकर सुटेल," असं सहकारी सुचवत होते. मी लिहिले नाहीत. पुढे विद्यापीठाच्या पेपर काढणाऱ्या समितीवर गेले, तिथेही प्रश्नात जे लिहिलेलं नाही त्याचे गुण कापू दिले नाहीत. दर बैठकीत कोणीतरी वैतागायचं. वैतागू देत.

फॉर्म गेला त्या दिवशी तो विद्यार्थी स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, मग आता कोन कुठून मोजू?"

"विद्यापीठात आडव्या रेषेपासून. समुद्रावर उत्तरेपासून. आणि पेपरात लिहिलं नसेल, तर भर वर्गात उभा राहून विचार."

"ओरडतील की, बाई."

"ओरडू देत. उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही."