सैलकानने टाकलेला रुमाल

भांडणं सोडवावीत तर सैलकाननेच. काराबुलुनच्या कुरणावर दुभत्या घोड्यांची धार काढता काढता तिची साठी उलटली, पण दोन पुरुष हातघाईवर आले की लोक अजून तिलाच बोलावत. बाईने डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडून मध्ये टाकला, की तो ओलांडून वार करायचा नाही, ही आम्हा किर्गिझांची रीत. भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला माणूससुद्धा तिच्या रुमालापुढे थांबला होता.

त्या वर्षी वरच्या खाणीचं पाणी ओढ्यात उतरलं आणि तिची अकरा शिंगरं तडफडून मेली. खाण डोंगरापलीकडच्या बड्या देशाची. गावाने बोंब मारली, म्हणून आमच्या सरकारने परवाना अडवला. तर त्या देशाने काय करावं? सरहद्दीचं फाटकच लावून घेतलं! मांसाचे ट्रक तीन आठवडे उन्हात कुजले, डिझेल मिळेना, आणि आमच्या मंत्र्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कसला कणा अन् कसलं काय. मुकाट्याने परवाना दिला, वर राजधानीतून पोलीस धाडले.

गुराख्यांनी खाणीचा रस्ता अडवला. सैलकानचा एकुलता एक मुलगा एर्मेक सगळ्यांत पुढे, हातात चाबूक. दंडुके चालले. एका म्हाताऱ्याचा जबडा फुटला. एर्मेकने चाबकाने दोघा पोलिसांची तोंडं फाडली. पोरगा आता हातचा जातो, या धास्तीने सैलकान मध्ये घुसली आणि तिने रुमाल टाकला.

सगळे थबकले. पोलीसही किर्गिझ आयांचीच पोरं.

"टाक तो चाबूक, बाळा," ती म्हणाली. एर्मेकने टाकला.

पोलिसांचा साहेब फोनवर मोठमोठ्याने हो हो करत होता. दुपारपर्यंत खाणीची यंत्रं वर पोचली तरच सरहद्दीचं फाटक उघडणार, हे साऱ्यांना ऐकू गेलं. फोन खिशात घालून त्याने रुमालावर बूट ठेवला.

"बघताय काय? हाणा."

आणि त्यांनी रिकाम्या हातांच्या माणसांना झोडपलं. पहिलाच दंडुका एर्मेकच्या डोक्यात बसला. तो पडल्यावरही तिघे मारत राहिले. कवटी फुटून रक्त आईच्या ओच्यात सांडलं.

संध्याकाळी फाटक उघडलं. तंबूत रडायला जमलेल्या बायका म्हणाल्या, त्याचं आयुष्यच तेवढं होतं, मावशी.

सैलकान भडकली. "आयुष्य कसलं? चाबूक हातात होता तोवर कुणाची छाती झाली नाही त्याच्या जवळ यायची. मी टाकायला लावला."

मग तिने दोन्ही हातांनी स्वतःचे गाल रक्त निघेस्तोवर ओरबाडले, आणि कुणीच तिचे हात धरले नाहीत.