बाईंचा जुना आकडा

आमच्या भौतिकशास्त्राच्या बाईंना ‘साधारण’ या शब्दाची चीड होती. कोथरूडला त्यांच्या घरी जाण्याआधी “साधारण किती वाजता येऊ?” असं विचारलं, की उत्तर यायचं, “साधारण यायचं असेल तर येऊच नकोस.” आम्ही विद्यार्थी त्यांच्यामागे खूप हसायचो.

काही अणूंची केंद्रकं जन्मतात आणि सेकंदाच्या आत मोडतात. परदेशातल्या यंत्रात ती तयार करायची, चुंबकाच्या जोरावर गोल फिरवायची. केंद्रक जितकं जड, तितका फेरा सावकाश. तिथून आलेल्या त्या फेऱ्यांच्या नोंदींवरून वस्तुमान काढायचं काम आम्ही पुण्यात बसून करायचो. विश्वात सोनं कसं घडलं, त्याचा हिशोब या आकड्यांवर चालतो, हे बाईंकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

त्यांचा एक नियम होता. एक सहकारी सगळ्या मोजमापांत एक गुप्त आकडा मिसळायचा आणि तो पाकिटात बंद करून ठेवायचा. तपासणी पुरी होईपर्यंत खरं उत्तर कुणालाच दिसायचं नाही, बाईंनासुद्धा. “आकडा आवडला की माणूस चुका शोधायचं थांबतो,” त्या म्हणायच्या.

एका वर्षी आम्ही पुन्हा मोजत होतो ते केंद्रक बाईंनी तरुणपणी मोजलेलं होतं. त्याच्या वस्तुमानाच्या आकड्यानंच त्यांचं नाव झालं होतं. मला राहवलं नाही. उलटसुलट गणितं करून मी गुप्त आकडा हुडकून काढला आणि चाचरत सांगितलं, “बाई, तुमचा जुना आकडा बहुतेक टिकत नाही.”

एरवी मला अरे-तुरे करणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “आपण फार हुशार आहात. आता तपासणीला आपण हात लावायचा नाही. आणि मलाही कळलंय, तेव्हा मीही नाही.” सहकाऱ्याकडून नवा गुप्त आकडा घालून घेऊन त्यांनी सगळं काम दोन नव्या मुलींकडे सोपवलं. ज्यावर आपली सगळी पुण्याई उभी, त्याच्या निकालाची त्या चार महिने बाहेर बसून वाट बघत राहिल्या. मी शरमेनं अर्धा झालो होतो.

पाकीट उघडलं. जुना आकडा चुकलाच होता. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि मुलींना म्हणाल्या, “सुंदर मोजलंत.”

शोधनिबंधात मी ‘आधीच्या मोजमापाशी किंचित तफावत’ असं लिहिलं. त्यांनी ते खोडून ‘आधीचं मोजमाप चूक होतं’ असं केलं.

“बाई, इतकं स्पष्ट कशाला?”

“अरे, खरा आकडा माझ्या हयातीत मिळाला. अजून काय हवं?”

बाई गेल्या वर्षी गेल्या. नव्या विद्यार्थ्यांना मी आधी बाईंचा तो जुना, चुकलेला शोधनिबंध वाचायला देतो आणि मग त्याला चूक ठरवणारा. दोन्हींवर नाव बाईंचंच आहे.