दाराच्या रिंगा

अक्षर किरटं आहे, वेलांट्या चुकतील. चौथीपुढं शाळा नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

"घाई नको. आत माणूस हाय." आबा दिवसातून दहा वेळा असं म्हणायचे. आता ते नाहीत.

वरव्याजवळच्या आमच्या शेडमध्ये रबराच्या रिंगा होतात. एकदा मोठं काम आलं. आपली माणसं ज्या यानातून पुढं आभाळात जायची होती, त्याच्या दाराच्या रिंगा. दारातून हवा निसटली तर आतली माणसं मरतात. आबा चेकिंगला, मी पॅकिंगला. भिंगाच्या दिव्याखाली एकेक रिंग ते इतका वेळ फिरवायचे, की शेठ ओरडायचे, "आबा, रिंग बघताय का सून?"

"सून दुसरी मिळंल, शेठ. वर गेलेला माणूस न्हाई मिळायचा."

शेवटच्या चार महिन्यांत माझ्या ध्यानात आलं. रिंग दिव्याखाली नसायची, बाजूला असायची. आबांना दिसत नव्हतं. बोटांनी चाचपून ते पास करत होते. लेक घरी बसलेला, चूल त्यांच्या पगारावर. मी गप्प राहिले. पुढं त्यांना वाटही दिसेना, तेव्हा काम सोडून ते वेल्ह्याकडं आपल्या गावी गेले.

वर्षभरानं आपला एक माणूस आभाळातल्या स्थानकाकडं निघाला. दुसऱ्या दिवशी आबांच्या मंडळींचा फोन आला. "अगं, कालपास्नं अन्नाला शिवलं न्हाईत. त्यात माज्याच रिंगा हायेत म्हनत्यात."

मी शेठना विचारलं. ते हसले. "ते यान परदेशाचं, बाई. आपली खोकी अजून गोदामातच पडल्यात."

मी एसटी धरली. पोचले तेव्हा टीव्हीसमोर आबा भिंतीला टेकून बसले होते. यान स्थानकाला जोडलं गेलं होतं.

"दार उघडलं का?"

"उघडलं," मंडळी म्हणाल्या. "आत आली समदी. हसत्यात."

आबांनी डोळे पुसले, ताट मागितलं. मला वाटलं, आता त्यांचा घोर पुरता घालवावा. मी म्हणाले, "उगा उपास केला, आबा. आपल्या रिंगा त्यात नव्हत्याच. गोदामात हायेत."

घास हातातच राहिला. "म्हंजे माज्या अजून जायच्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात धरून ते शेडमध्ये आले आणि सगळ्यांदेखत बोलले, "शेवटचं चार म्हैनं मला दिसत नव्हतं. रिंगा चाचपून पास केल्या." शेठ तोंडाला येईल ते बोलले. मग विचारलं, "कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"कुनालाच न्हाई," आबा म्हणाले.

मी तिथंच उभी होते.

कुठल्या चांगल्या, कुठल्या वाईट, कळायला मार्ग नव्हता. आम्ही बायकांनी दुपारपर्यंत सगळ्या रिंगा कात्रीनं कापल्या. आबा पायरीवर बसून कात्र्यांचा आवाज ऐकत होते. चहा कुणी विचारला नाही.

थांब्यावर त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. "पोरी, तुला ठावं हुतं न्हवं?"

मी म्हणाले, "आबा, एसटी आली."