अर्थिंगशिवाय चालू करणार न्हाई

आयटीआयमधून वायरमन होऊन निघाले, तेव्हा आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. आई-बाप हंगामाला ऊसतोडीला जायचे. कोयता हातात घ्यायचा नाही, हे मी सातवीतच ठरवलं होतं.

वडवणीत बाजाराच्या मागं एका व्यापाऱ्यानं दोन जुने लोखंडी कंटेनर आणले होते. एकात बियाण्याची पोती, दुसऱ्यात बायका बसून तूर निवडणार. गावातला वायरमन लग्नाला गेलता, म्हणून काम माझ्याकडं आलं. पहिल्या कंटेनरला तीन दिवस लागले. उन्हानं पत्रा असा तापायचा की हात टेकववत नव्हता. भोक पाडलं की कडेला ब्लेडसारखी धार यायची. तिथं वायर सोलली जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात मी बुश, म्हणजे रबरी कडी बसवली. मग शेठला म्हटलं, अर्थिंगसाठी खड्डा खणायला माणूस द्या.

"आख्खा डबा लोखंडाचा हाय, जमिनीवर बसलाय. अर्थिंग कशाला?"

"जमिनीवर न्हाई शेठ, सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसलाय. पत्र्यात करंट उतरला तर हात लावणाऱ्या माणसातूनच जाईल."

"मला शाळा शिकवू नको. चालू कर."

"अर्थिंगशिवाय चालू करणार न्हाई."

शेठ हसले. "पोरीची जात, करंटला भ्यायली!"

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि घरी आले. आई म्हणाली, पहिलंच काम होतं, जरा नमतं घ्यायचं. मी जेवले नाही, पण परतही गेले नाही.

लग्नाहून आलेल्या वायरमननं दुसरा कंटेनर अर्ध्या दिवसात उरकून अर्थिंगशिवायच चालू केला. चौथ्या दिवशी तूर निवडणारी एक म्हातारी आमच्या दारात आली. "लेकी, डब्याला हात लावला की झिणझिण्या येत्यात. शेठ म्हणतो, वय झालं तुझं."

मी तशीच निघाले. सगळ्यांसमोर टेस्टर पत्र्याला लावला. टेस्टरचा दिवा लागला. मी मेन स्विच खाली ओढला आणि बायकांना बाहेर काढलं. भोकापाशी वायर सोलली जाऊन तांबं पत्र्याला टेकलं होतं. बुश नव्हताच.

शेठ धावत आले. "कशाला बसल्या बाहेर?"

म्हातारी म्हणाली, "ही पोरगी म्हणंल तवाच आत जाऊ."

एकही बाई उठली नाही. शेठ मोबाइल बघू लागले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कर बाई तुझं अर्थिंग."

"नुसतं अर्थिंग न्हाई. दुसऱ्या डब्यातलं सगळं उपसून नव्यानं करीन."

शेवटी खड्डा खणायला तो लग्नाहून आलेला वायरमनच पुढं आला. टिकाव घेतला आणि छातीभर खोल गेला. अर्थिंगची पट्टी पुरली, मीठ-कोळसा घातला, वर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सगळं जोडून मेन चालू केल्यावर मी टेस्टर म्हातारीच्या हातात दिला आणि तो कसा धरायचा, ते दाखवलं. तिनं पत्र्याला चार ठिकाणी लावून पाहिला, कुठंच दिवा लागला नाही, मग स्वतःच बायकांना हाक मारली.

आता शेठ गिऱ्हाइकांना सांगतात, अर्थिंग मीच करून घेतलं, माणसाच्या जिवाशी खेळ नको. मी तिथं असले तर मध्येच बोलते, "न्हाई शेठ, तुमी नको म्हणलं होतं." त्यांना राग येतो. येऊ दे.