शेवंतीचं आळं

मी रत्नागिरी सोडली त्या सकाळी आई अंगणात आळी करत होती. पाऊस नुकताच सरला होता. माती कडक होण्याआधी प्रत्येक फुलझाडाभोवती गोल खळगा करून मातीचा काठ घालायचा, म्हणजे पुढे पावसाळ्यापर्यंत घातलेलं पाणी मुळाशी थांबतं. आमच्याकडचं हे दसऱ्याच्या सुमाराचं काम. बाबा रिक्षात माझ्या बॅगा रचत होते. याच रिक्षातून मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, आणि आमच्या घरातली पहिली पदवीही याच रिक्षातून घरी आली. आईने मला मनगटांनीच जवळ घेतलं, कपड्यांना माती लागू नये म्हणून. "तिकडे दाराशी एखादं फूल लाव गो," एवढंच म्हणाली.

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या एका गावात मी आता इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. इथली थंडी सोसवेल अशी असते, बर्फ क्वचितच पडतो. भाड्याच्या घरामागे हातरुमालाएवढी बाग आहे. पहिल्याच सप्टेंबरात गार्डन सेंटरमध्ये पिवळ्या शेवंतीची कुंडी दिसली आणि मी ती उचललीच.

त्याच दिवसांत आईबाबांनी पुढच्या वर्षी इकडे यायची गोष्ट निघाली. बाबा लगेच तयार झाले. आई मात्र एकाच प्रश्नावर अडली, तिथे देवाला फूल कुठलं? आमच्या घरी देवाला विकतचं फूल वाहत नाहीत, दारातलंच लागतं. "देव काय पावती बघतो काय?" बाबा म्हणाले. आई हसली, पण हो म्हणाली नाही. मला तिचा स्वभाव ठाऊक आहे. व्हिसा हातात असूनही ती घरीच राहिली असती. मी म्हटलं, शेवंती लावतेय, तू ये.

आणि लहानपणापासून पाहिलं होतं तसं मी शेवंतीला आळं केलं. गोल, घट्ट, आईने शाबासकी दिली असती असं. मग इथला पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. आळ्याचं डबकं झालं. नाताळापर्यंत मुळं कुजून काळी पडली. झाड उपटून हातात घेतलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग रडू. देश बदलला होता, पण माझे हात अजून रत्नागिरीच्या ऋतूंवर चालत होते.

फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे दसऱ्याला मृग लागतो म्हण की." मागून बाबांचा आवाज आला, "मग मी छत्री घेऊन येतो."

वसंतात मी नवी शेवंती आणली आणि भिंतीलगत उंचवटा करून, मातीत खडी मिसळून लावली. सप्टेंबरात इतर झाडांची सुकलेली फुलं खुडली, त्यांचे दाटलेले गड्डे सोडवून लावले, डॅफोडिलचे कंद पुरले. गळलेल्या पानांचा पातेरा पसरला, पण खोडापासून लांब. पाणी निघून जावं म्हणून बारीकसा चर काढला. शेवंतीला कळ्या धरेपर्यंत मला चैन नव्हतं.

ऑक्टोबरात दोघं आली. रत्नागिरीची आळी आईने शेजारच्या काकूंवर सोपवली होती, आणि त्यांना रोज फोन करून ती भंडावत होती. पहिल्या सकाळी चहाच्या आधी माझे गमबूट घालून ती मागे गेली आणि पदरात शेवंती घेऊन आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या पितळी गणपतीला तिने ती वाहिली. नंतर खुरपं मागितलं. चर पानांनी तुंबला होता.

आता दरवर्षी याच दिवसांत आई तिथे पाणी अडवते आणि मी इथे पाण्याला वाट करून देते. माझ्यासारखे निघून आलेले भेटले की घर कुठलं, हा प्रश्न निघतोच. पूर्वी मी रत्नागिरीचं नाव सांगून मोकळी व्हायचे; आता तेवढ्यावर भागत नाही. यंदा डिसेंबरात मी रत्नागिरीला जाणार आहे. परवा आई म्हणाली, सगळी आळी झाली, शेवंतीचं तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय. तोवर माती कडक होईल, मी म्हटलं.

"नाही होत. रोज तांब्याभर पाणी घालतेय मी तिथे."